धारवगडच्या टाक्यातला नाईक

पूर्वेकडच्या डोंगररांगेवर तांबडे फुटत होते, आणि धारवगडाच्या पायथ्याशी पसरलेल्या शत्रूच्या छावणीतल्या चुलींचा धूर दरीतल्या धुक्यात मिसळून तटाच्या पायापर्यंत चढून आला होता. वेढ्याला तिसरा महिना लागला होता. गडावरचे धान्य सरत आले होते, तोफा थंडावल्या होत्या, आणि राजांची कुमक आज ना उद्या घाट उतरेल या एका आशेवर तीनशे माणसांची शिबंदी तग धरून होती.

तोफेच्या माऱ्याने खचलेल्या तटाला आतून बांबूंची परांची बांधली होती. तिच्यावर सटवाजी पाथरवट एकटाच बसला होता. पन्नाशी उलटलेली, बायको पटकीत गेलेली, मूलबाळ नाही. गडावरच्या देवळाचे खांब त्याच्या आजाने घडवले होते, महाद्वाराचे हत्ती बापाने; त्याच्या वाट्याला मात्र आयुष्यभर पडझडीची डागडुजीच आली होती. उजेड झाला की शत्रूचे तिरंदाज नेम धरत, म्हणून तो अंधुकात कामाला येई.

त्याच्या खाली दहा हातांवर गडाची चोरदिंडी होती, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढीशी. तिच्यापाशी आज किल्लेदार आनंदराव एकटे आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि अडसर काढला.

सटवाजीचा हात हातोड्यावरच थिजला. पाहऱ्याचा हैबती नाईक फेरी संपवून त्याच वेळी परतला होता. उघडी दिंडी पाहून त्याने तलवारीवर हात ठेवला.

"सरकार, ही दिंडी कुणाच्या हुकमानं उघडली?"

"आमच्या. बाजूला हो, हैबती. गड आता राहत नाही. बोलणे झाले आहे. माणसांना अभय मिळेल, तुलाही गाव इनाम मिळेल."

"माणसांसाठीच करायचं होतं तर सदरेवर समद्यांदेखत करायचं, सरकार. हे असं चोरावाणी नाही."

बाहेरच्या कारवीच्या झुडपांत पावले वाजली. हैबती दिंडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि गळा फाडून ओरडला, "गनीम! गनीम आला!" वाकून आत शिरणारा पहिला गडी त्याने उंबऱ्यावरच लोळवला, मग दुसरा, मग तिसरा, त्या अरुंद वाटेत मुडद्यांचाच बांध पडला आणि बाहेरचे मागे सरले. बुरुजाकडून शिबंदीची माणसे धावत येत असल्याची चाहूल लागली. ती वळणाआड असतानाच आनंदरावांनी कट्यार उपसली आणि नाईकाच्या पाठीत मुठीपर्यंत खुपसली. त्याला आत ओढून त्यांनी अडसर लावला आणि रक्ताळलेला हात उंच करून ते गरजले, "नाईक फितूर झाला! दिंडी यानेच उघडली!"

वर परांचीवर माणूस आहे हे कुणाच्याच ध्यानात आले नाही.

चौथ्या दिवशी कुमक आली आणि वेढा उठला. राजांचे कारभारी चौकशीसाठी गडावर आले. सदर भरली. हैबतीची बायको ठकूबाई दोन वर्षांची लेक कडेवर घेऊन पुढे झाली. डोळ्यांत पाणी नव्हते.

"धनी फितूर असते तर दारात तीन गनीम कुणी मारले? एवढंच विचारा, सरकार. दुसरं काही मागणं नाही."

कारभाऱ्यांनी सभेवरून नजर फिरवली. "तटाचे काम तिथेच चालले होते ना? पाथरवटाला बोलवा."

सटवाजी उभा राहिला. समोर ठकूबाई होती. तिच्यामागे आनंदराव मिशीवरून बोट फिरवत शांत बसले होते. खरे बोललो तर संध्याकाळच्या आत कड्यावरून खाली लोटले जाऊ, हे त्याला कळत होते.

"मी कामावर उशिरा गेलो, सरकार. मी काही पाहिलं नाही."

ठकूबाईने त्याच्याकडे पाहिले. तो खोटे बोलतो आहे हे तिला त्याच क्षणी उमगले, आणि तिला उमगले हे त्यालाही. त्याच दिवशी तिला गडाखाली हाकलण्यात आले. महाद्वारापाशी ती थांबली, तिथे उभ्या असलेल्या सटवाजीच्या पायांपुढे थुंकली आणि मुकाट पायऱ्या उतरू लागली.

महिनाभराने हुकूम आला. महाद्वारात वीराची शिळा बसवायची. तिच्यावर किल्लेदार आनंदराव तलवार उगारून उभे, आणि पायाखाली फितूर नाईक. सटवाजीने ती घडवली. काम उत्तम झाले. आनंदरावांनी सदरेवर त्याच्या खांद्यावर शेला घातला, लोकांनी वाहवा केली, आणि त्या दिवसापासून हैबतीच्या जुन्या पाहऱ्याचे गडी सटवाजीच्या सावलीलाही उभे राहीनात. कुणी त्याला पंगतीला बोलावीना. तो आपली भाकर आपण थापी आणि भिंतीकडे तोंड करून खाई.

वेढ्यात दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन राखमाती गडावरच्या पाण्याच्या मोठ्या टाक्यात पडली होती. कातळात खोदलेले ते टाके कुणाच्या आठवणीत कधी उपसले गेले नव्हते. झऱ्यामुळे भर उन्हाळ्यातही त्यात दोन पुरुष पाणी असे. आता झऱ्याचे तोंड बुजवून ते उपसावे लागले. गाळ निघाला, मजूर वर गेले, आणि तळाशी चिरा पडल्या आहेत, त्या बुजवायला महिना हवा, असे सांगून सटवाजी एकटाच खाली राहिला.

दगडाचा हिशेब त्याच्या घराण्याला ठाऊक होता. आजाने घडवलेले खांब आजासाठी नव्हते, पुढच्यांसाठी होते. माणसाचे तोंड बंद करता येते, कागद जाळता येतो, राजे बदलतात. पण माणसाला पाणी लागणारच, आणि कधी ना कधी, दहा पावसाळे हुकलेल्या एखाद्या साली, कुणीतरी घागर घेऊन या तळापर्यंत उतरणारच. त्या येणाऱ्याची बोली कोणती असेल, लिपी कोणती असेल, कोण जाणे. सटवाजीला स्वतःलाही अक्षर येत नव्हते. म्हणून त्याने भिंतीच्या तळाशी चित्रेच कोरायची ठरवली, लहान पोरालाही कळतील अशी: पहिल्यात अडसर काढणारा किल्लेदार, दुसऱ्यात दारात लढणारा नाईक, तिसऱ्यात पाठीत शिरलेली कट्यार. आणि कोपऱ्यात, परांचीवर, दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून बसलेला एक माणूस.

तो कोपऱ्यातला माणूस कोरताना त्याचा हात सर्वांत जास्त दिवस अडला.

अखेरीस त्याने सगळ्यावर चुन्याचा गिलावा चढवला. चुना घट्ट धरणारा गूळ आणि हिरडा न घालताच तो कालवला, म्हणजे पाण्याखाली तो दोनतीन वर्षांत आपोआप सुटावा. थापी अजून हातात होती, तोच पायऱ्यांवर जोड्यांचा आवाज झाला. आनंदराव एकटेच खाली उतरत होते.

"गळती थांबली?"

"थांबंल, सरकार."

आनंदरावांनी काठीचे टोक ओल्या गिलाव्याला लावले. टोक किंचित आत गेले. एवढासा जोर दिला असता तर पोपडा निघून नाईकाची तलवार उघडी पडली असती.

"याच्याखाली काय आहे, सटवाजी?"

सदरेवर गेलेला आवाज आज सटवाजीने जाऊ दिला नाही. थापी घेऊन तो पुढे झाला, काठी आणि भिंत यांच्या मधे उभा राहिला आणि किल्लेदाराच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "दगड हाय, सरकार. बापजाद्यांचा. चुना ओला हाय. काठी काढा, न्हाईतर माझं काम वाया जाईल."

आनंदराव हलक्या आवाजात म्हणाले, "त्या पहाटे तू परांचीवर होतास. तुझा हातोडा दुसऱ्या दिवशी तिथेच सापडला. सदरेवर जे बोललास तेच मरेपर्यंत बोल. म्हणजे आम्हीही विसरू." काठी मागे घेऊन ते पायऱ्या चढले, आणि वरून त्यांचा हुकूम ऐकू आला, "झऱ्याचे तोंड उघडा!"

सटवाजी शेवटच्या पायरीवर बसून राहिला. पाणी घोट्याला लागले तेव्हा तो उठला.

दोन वर्षे त्याने तोंड उघडले नाही. मग राहवेना. पायथ्याच्या वाडीत ठकूबाई लोकांची दळणे दळून राहत होती. सटवाजी तिच्या अंगणात उभा राहिला आणि खाली मान घालून त्याने सगळे सांगितले, टाक्यातल्या चित्रांसकट. जात्याची घरघर थांबली.

"शंभर वरसांनी कुणीतरी बघंल?" ती म्हणाली. "माझ्या पोरीला फितुराची पोर म्हणत्यात ती आज. तुमचा शब्द मला त्या दिशी पायजे होता."

"व्हय, वहिनी."

"मग इथं कशापायी आलाव?"

तो वळला. दहा पावले गेल्यावर मागून तिचा आवाज आला, "भिकबाळी कोरली का? उजव्या कानात होती. लग्नात माझ्या बापानं घातलेली."

सटवाजी जागीच थांबला. त्याने ती कोरली नव्हती. त्याला आठवलीच नव्हती.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग तो कुणीबी असंल," ठकूबाई म्हणाली, आणि जाते पुन्हा फिरू लागले.

टाके आता भरलेले होते. सटवाजीने तीन उन्हाळे वाट पाहिली. मग पाऊस ओढला आणि चौथ्या वैशाखात पाणी छातीपर्यंत उतरले. दुपारी गड उन्हाने झोपलेला असे; शेवाळ खरवडतो असे सांगून तो पाण्यात उतरे, हनुवटी पाण्याला टेकेपर्यंत वाके आणि बुडलेल्या हातांनी भिंत चाचपडे. गिलावा सुटून गेला होता. बोटांना तलवार लागली, खांदा लागला, जबडा लागला, कान लागला. दिसत काहीच नव्हते. एका हाताचे बोट कानाच्या पाळीवर ठेवून दुसऱ्या हातातल्या टोच्याने तो दगड कणाकणाने खरवडत राहिला. पाण्यात घाव बसत नाही, नुसते घासावे लागते. बोटांची कातडी पांढरी होऊन फाटली, खोकला छातीत बसला. सतराव्या दुपारी करंगळीच्या टोकाला एक पूर्ण वर्तुळ लागले. त्याखाली मोत्याएवढा उंचवटा होता.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो वाडीवर उतरला. ठकूबाई दारात धान्य पाखडत होती.

"बाळी कोरली, वहिनी. उजव्या कानात."

तिने सूप खाली ठेवले. त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिले.

"त्यात मोती हाय का?"

"हाय."

ती आत गेली, पाट मांडला आणि पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्याशी आली. "आत या," ती म्हणाली.

त्या माघात सटवाजी खोकल्याने गेला. आनंदराव मानाने, नातवंडांत मेले. पुढे गड ओस पडला, राजांचे घराणेही राहिले नाही. पण झरा आटला नाही आणि टाके पुन्हा कुणी उपसले नाही. गड पाहायला येणाऱ्यांना वाडीतली माणसे आजही महाद्वारातली शिळा दाखवतात, आनंदरावांचा पराक्रम सांगतात, आणि चढून थकलेल्यांना टाक्याचे गार पाणी काढून देतात.