दोन चुलींवरचं वरण

सलग तिसऱ्या दुपारी सिद्धलिंगच्या दाताखाली वरणातली डाळ कट्‌कन वाजली. त्यानं ती बोटावर काढून पाहिली. तीन तास चुलीवर उकळूनही ती अख्खीच होती. अंगाला हळद लावून बसली होती एवढंच.

अहमदपूरच्या शाळेची चाळीस मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत एका वाडीबाहेरच्या चिंचांखाली तंबू ठोकून राहिली होती. रानात उत्तम स्वयंपाक कसा करावा, हे शिकायचं शिबिर होतं ते. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची दोन पावसाविना गेली होती. तरी वाडीनं मुलांसाठी आपल्या गोड्या विहिरीचं टँकरभर पाणी रोज द्यायचं कबूल केलं होतं. वाडीतल्या बाया मात्र माणशी दोन घागरींसाठी त्याच विहिरीवर पहाटेपासून रांगेत उभ्या असत.

शिबिरप्रमुख होते ईश्वरप्पा गुरुजी. त्यांनी रानातल्या स्वयंपाकावर बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली होती आणि तिची प्रत ते सदैव काखेत ठेवत. पहिल्या दिवशी तुराट्यांची चूल पेटवून दाखवताना त्यांनी आगपेटीतल्या अकरा काड्या संपवल्या. बारावी काडी स्वयंपाकाच्या सरजाबाईंनी ओढली आणि चूल पेटली. गुरुजींनी लगेच शिट्टी वाजवून मुलांना सांगितलं, की पाहा, अशी पेटवायची. अशी माणसं जगात पुष्कळ असतात, आणि शिट्टी नेमकी त्यांच्याच गळ्यात अडकवलेली असते.

डाळ शिजत नाही हे आज गुरुजींच्याही दातांनी त्यांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि सगळ्यांसमोर सरजाबाईंना उभं केलं.

"पानी जड हाय, गुरुजी," सरजाबाई म्हणाल्या. "म्या पैल्या दिवशीच सांगितलं व्हतं. ह्या पान्यात डाळ शिजत न्हाई."

गुरुजी हसले. टँकर गोड्या विहिरीवर भरतो हे सबंध वाडी पाहते, मग पाणी जड कुठून झालं, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी आवाज चढवला. खरी गोष्ट अशी आहे, ते म्हणाले, की शाळेनं दिलेली चांगली डाळ कुणाच्या तरी घरी गेली आणि हंड्यात जुनी किडकी डाळ आली. परवा लातूरहून शिक्षणखात्याच्या नीलाबाई तपासणीला येणार होत्या. त्यांच्या कानावर हे घालायचं, आणि जूनपासून मुलींच्या वसतिगृहात सरजाबाईंना स्वयंपाकाचं काम द्यायचं ठरलं होतं, ते रद्द करायचं, असा निकाल गुरुजींनी जेवणाच्या पंगतीतच देऊन टाकला.

पदरानं हात पुसून सरजाबाई हंडा घासायला बसल्या.

सातवीतल्या पंचशीलाच्या तोंडचा घास तोंडातच राहिला. सरजाबाई तिची आत्या होती. दुसऱ्याच्या शेतावरून येताना पडलेली शेंगसुद्धा न उचलणारी बाई, आणि तिला चाळीस पोरांसमोर चोर म्हटलं होतं. पंचशीलाला रडू आलं नाही. तिला संताप आला, आणि संताप आला की तिचं डोकं फार छान चालत असे.

"पैल्यांदा डाळ बघू," ती म्हणाली. "चोरी झाली असंल तर डाळीतच दिसंल."

डाळ बघायला तिच्या वर्गातल्या सिद्धलिंगइतका योग्य माणूस शिबिरात नव्हता. उदगीरला त्याच्या मामांची डाळमिल होती, आणि हा लहानपणापासून तिथल्या पोत्यांवर लोळला होता. त्यानं पोत्यात हात घातला, मूठभर डाळ हुंगली, एक दाणा दातानं फोडला आणि एखाद्या शेठजीसारखी मान हलवली. माल यंदाचा होता, एक नंबर होता. त्याचं मत एवढ्यावर थांबलं नाही. आईनं दिलेली किलोभर डाळ त्याच्या पिशवीत होतीच, कारण शिबिरात उपाशी राहावं लागेल ही भीती त्याला घरूनच होती. तीही दोघांनी शिबिराच्याच पाण्यात लहान पातेल्यात शिजत घातली. दोन तासांनी ती डाळही तशीच कडक.

म्हणजे डाळ निर्दोष होती. जाळ तर भसाभस चालला होता. राहिलं पाणी. त्यांच्यातला तिसरा गडी, वर्गातलाच रामकिशन, शिबिराच्या पिंपातल्या पाण्यानं हात धुवायला गेला तर साबणाला फेस येईना. अहमदपुरात उन्हाळाभर बोअरचं पाणी पिणाऱ्या पोरांना चवीतलं काही कळलं नव्हतं, पण साबण खोटं बोलत नाही. मग तिघं विहिरीवर पळाली. तिथल्या पाण्यानं मात्र साबणाला मूठभर फेस आला.

दीड मैलाच्या रस्त्यात गोडं पाणी जड कसं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिघं रस्त्याकडेच्या बाभळीमागे बसली. टँकरवाल्या गुंडप्पांचा ट्रॅक्टर टँकर ओढत विहिरीवरून आला. पण तो शिबिराकडे न वळता चिंचांच्या मागच्या बाजूला गेला. तिथे गुरुजींनी कनात लावून 'प्रवेश बंद' अशी पाटी टांगली होती. तपासणीच्या दिवशीचं गुपित आहे, असं ते चार दिवस सांगत होते. मुलांना वाटलं होतं, आत भाषणाचं स्टेज असेल.

रामकिशननं कनातीची कड उचलली आणि तिघांनी आत डोकी घातली.

आत गव्हाचं लुसलुशीत हिरवं गवत होतं. पुरुषभर उंचीच्या अक्षरांत, शिबिराच्या कितीतरी आधीच पेरलेलं. 'सुस्वागतम्.' शेजारी एक फूल, आणि फुलाला दोन पानं. गुरुजी स्वतः नळी धरून उभे होते आणि अक्षरामागून अक्षराला गोडं पाणी पाजत होते. चोहीकडे पाच कोस हिरवी काडी नव्हती, गुरं कागद चघळत होती, आणि इथे शेवटच्या अक्षराचा पाय मोडणाऱ्या रेघेलासुद्धा घागरभर पाणी मिळत होतं.

टँकर रिकामा झाला. मग तो रस्त्यावरच्या बोअरवर गेला, तिथं भरला, आणि तेच पाणी शिबिराच्या पिंपांत येऊन पडलं. पंचशीलानं गुंडप्पांना गाठून सरळ विचारलं. ते भले गृहस्थ होते, ओशाळले. बोअरच्या पाण्यानं गहू पिवळा पडला म्हणून गुरुजींनी असं करायला सांगितलं, म्हणाले. पाणी काय, पाणीच, पोरांना काय फरक पडतो, असं गुरुजींचं म्हणणं होतं.

इतका वेळ पंचशीलाला वाटत होतं, गुरुजी लबाड असावेत. आता कळलं, की तसंही नव्हतं. ज्यानं जन्मात कधी डाळ शिजत घातली नाही, त्याला पाण्यापाण्यात फरक असतो हेच माहीत नव्हतं. आणि या माणसानं तिच्या आत्याला चोर ठरवलं होतं.

रामकिशनचं म्हणणं पडलं, की उद्या बाई आल्या की त्यांना सगळं सांगून टाकू. पंचशीलानं मान हलवली.

"आपण सांगू अन् गुरुजी भाषण करतील. भाषणात आपण त्यांना कधी जिंकलोय का? डाळीलाच बोलू दे."

त्यासाठी घागरभर गोडं पाणी हवं होतं. विहिरीवरच्या रांगेत लक्ष्मम्मा नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा नंबर नुकताच लागला होता. पंचशीलानं त्यांना सगळी हकीकत सांगितली. लक्ष्मम्मांनी आपल्या दोन घागरींकडे पाहिलं, त्यातली एक उचलून तिच्या डोक्यावर दिली, आणि दुसरी घेऊन चालू लागल्या. तिघांनाही त्या घागरीचं ओझं फार वाटलं.

तपासणीच्या सकाळी तिघांनी शेजारीशेजारी दोन चुली मांडल्या. सारखेच तीन-तीन दगड, सारख्याच तुराट्या, एकाच पोत्यातली मापानं मोजलेली डाळ. एका पातेल्यात पिंपातलं पाणी, दुसऱ्यात घागरीतलं. सरजाबाई लांबून बघत होत्या. तासाभरात दुसऱ्या पातेल्यातून असा वास सुटला, की सिद्धलिंगला तिथून हाताला धरून दूर न्यावं लागलं.

नीलाबाई आल्या. कनात सरकली, सुस्वागतम् झालं, टाळ्या झाल्या. नीलाबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. येताना विहिरीवरची रांग त्यांनी पाहिली होती. गुरुजींनी अर्धा तास पुस्तिकेतून वाचून दाखवलं आणि शेवटी सरजाबाईंच्या डाळचोरीवर आले.

पंगत बसल्यावर पंचशीलानं नीलाबाईंसमोर दोन वाट्या ठेवल्या आणि म्हणाली, "बाई, दोन्हीत एकच डाळ हाय. चाखून बघा."

नीलाबाईंनी पहिल्या वाटीतला दाणा बोटांत दाबला. तो निसटून ताटात पडला. दुसऱ्या वाटीतलं वरण त्यांनी भाकरीशी वाटी संपेपर्यंत खाल्लं. मग त्यांनी विचारलं, पहिलीला पाणी कुठलं आणि दुसरीला कुठलं. त्या स्वतः रोज स्वयंपाक करणाऱ्या होत्या, त्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. पंचशीलानं टँकरचा रस्ता तेवढा सांगितला. गुंडप्पांनी मान खाली घालून हो म्हटलं.

नीलाबाईंनी हिरव्या अक्षरांकडे एकदा पाहिलं.

"गुरुजी, तुम्ही कधी वरण केलंय?"

"मॅडम, मी त्यावर पूर्ण प्रकरण..."

"मी करण्याबद्दल विचारतेय."

गुरुजींनी पुस्तिका या काखेतून त्या काखेत घेतली. चाळीस मुलं त्यांच्या उत्तराची वाट बघत होती.

नीलाबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, की शिबिर संपेपर्यंतचा प्रत्येक टँकर आधी वाडीतल्या रांगेकडे जाईल आणि उरेल ते पाणी इथं येईल, आणि आजचा पहिला हंडा लक्ष्मम्मांच्या घरी पोचेल. गहू वाडीच्या गुरांना घालायचा, फुलासकट. जूनपासून सरजाबाईंचं वसतिगृहातलं काम पक्कं. मग त्या तिघांकडे वळल्या. "मोठ्या माणसाचं चुकलं हे ओरडून सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही ते शिजवून दाखवलंत. शाब्बास." गुरुजींनी सरजाबाईंची सगळ्यांसमोर माफी मागावी, असंही त्या म्हणाल्या. गुरुजींनी मागितली. इतक्या हळू, की मागच्या पंगतीनं पुन्हा म्हणायला लावली.

सरजाबाईंनी ऐकून घेतलं आणि वाढायला उठल्या. मऊ वरण आधी मुलांना गेलं, मग नीलाबाईंना, गुंडप्पांना. गुरुजींनी ताट पुढं केलं तेव्हा सरजाबाईंनी पळी पहिल्या पातेल्यात बुडवली, कडक डाळीच्या, आणि भाताशेजारी भरपूर वाढलं.

"सरजाबाई, ते... मऊ वरण संपलं का?"

"न्हाई की, लई हाय," सरजाबाई म्हणाल्या. "पन हे कुनी टाकायचं, गुरुजी? ह्या दुष्काळात?"

नीलाबाई आपल्या ताटात बघत राहिल्या. गुरुजी खाली बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला. त्या सबंध पंगतीत चाळीस मुलं इतकी शांत कधीच बसली नव्हती. एकेक दाणा फुटलेला सगळ्यांना नीट ऐकू येत होता.