प्रीतमची चौथी बाटली

घणसोली गावात सादिकभाईंचं केकच्या सामानाचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पण ई-सिगारेटवर बंदी यायच्या आदल्या वर्षी, जानेवारीतल्या एका रिकाम्या दुपारी, काऊंटरमागे तिथे कामाला असलेली संध्या उभी होती आणि समोर येऊन ठाकला तळवलीचा प्रीतम.

"व्हॅनिला हाय का? केकला नको… ओढायला."

"काय?"

"वेप. सिगरेट सोडतोय. लिक्विड घरीच बनवनार, व्हिडिओ बघितलाय."

संध्याने काढलेली व्हॅनिलाची बाटली परत फळीवर ठेवली. "यात तेल असतं. फुप्फुसात काय भजी तळायचीत?"

प्रीतमच्या तीन इमारती भाड्याने दिलेल्या होत्या. त्याच्याशी असं कुणी बोलत नसे. तो जरा वेळ बघत राहिला – बाटलीकडे नव्हे.

मग त्याने वेपचे खास अर्क ऑनलाइन मागवले आणि मिश्रण झालं की वास घ्यायला संध्याकडे आणू लागला. तिचं नाक पोलिसांच्या कुत्र्यापेक्षा तयार, हे त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. त्याला ते कौतुक वाटत होतं.

पहिली बाटली आंब्याची. "खोकल्याचं औषध," संध्या म्हणाली. दुसरी गुलाबाची. "फिनाईल." तिसरीला ती नुसतीच हसली.

"घाई करतोस. लोणच्यासारखं मुरू दे जरा. पंधरा दिवस, अंधारात."

"पंधरा दिवस? मग मधे इकडे यायला कारन काय सांगू?"

"कुणाला सांगायचंय?"

"…तुला."

संध्याने उगाच बरण्या पुसायला घेतल्या. मनगटावर तिने व्हॅनिला चोळलेला होता; रोज चोळायची. कुठे राहतेस, असं कुणी विचारलं की ती 'बेलापूर' म्हणे. पत्त्यात ते खरंच होतं. फक्त बेलापूरच्या पुढचा दिवाळे कोळीवाडा, खाडी, बांबूंवर टांगलेले बोंबील आणि जेट्टीवर मासळीची पाटी घेऊन बसणारी आई – एवढं ती गाळायची. एका मॉलमधल्या अत्तराच्या काऊंटरवरून तिला आठव्या दिवशी काढलं होतं. कुण्या बाईला तिच्या केसांना मासळीचा वास आला होता. प्रीतमला तो येऊ नये, एवढीच तिची धडपड होती.

तो पंधरा दिवस आला नाही. आपण ते मोजले नाहीत, असं संध्या म्हणते.

सोळाव्या दिवशी चौथी बाटली आली. ताडगोळा. संध्याने झाकण उघडलं, वाकली, आणि विचार करायच्या आत बोलून गेली, "वाकट्या! आनि खाली जवला. जवल्याला एक ऊन कमी परलंय."

संध्याने घाईघाईने झाकण लावलं.

"बाबांनी बघू नये म्हनून आईच्या सुक्या मासळीच्या डब्यात ठेवलेली," प्रीतम सावकाश म्हणाला. "अंधार पन होता. पन… ऊन कमी परलंय, हे तुला कसं कललं?"

आता पळायला जागा नव्हती. तिने सगळं सांगितलं. दिवाळे, आई, मॉलमधली बाई. सांगताना ती त्याच्या नाकाकडे बघत होती. ते आता आक्रसेल, मग आक्रसेल…

नाक जागच्या जागी राहिलं.

"मी पन एक सांगतो," तो म्हणाला. "सिगरेट सुटून महिना झाला. वेपबी ओढत नाय."

"मग ही बाटली?"

"वास घ्यायला तू अशी वाकतेस ना… डोले मिटतेस… तेवढ्यासाठी."

संध्याचे कान तापले. "येडाच हाएस," ती म्हणाली, आणि बाटली त्याच्या हातात परत देत, "रविवारी येशील? दिवाल्याला?"

रविवारी जेट्टीवर भर बाजार होता. नव्या टॉवरांतल्या बायका पापलेटांवर वाकल्या होत्या आणि त्यांच्यातून संध्या पुढे चालली होती, मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रीतम. मासळीच्या पाण्यातून तो बूट जपत येत होता.

आईने कोयता थांबवून त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कोन गो यो? गिऱ्हाईक हाय?"

हळू बोलून भागलं असतं. पण संध्याने कोळणीचा खणखणीत आवाज लावला. तो तिने कित्येक वर्षं वापरला नव्हता.

"नाय गो आये. माझेसंगती आयलाय!"

अख्खी जेट्टी वळून बघू लागली, आणि भाव पाडायला आलेल्या बायका भाव विसरल्या.