मन उडालं की हात वर

"पाणीपुरवठा तक्रार कक्ष, बोला."

"नमस्कार. दोन दिवस झाले, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाहीये. म्हणजे चढतं... पण अगदी नाइलाजाने."

माझं पेन हातातच राहिलं. हा आवाज मी ऐकला होता. कालच संध्याकाळी, रेडिओ केंद्राच्या बैठकीत. आणि ऐकता ऐकता हात वर केला होता!

थांबा, नीट सांगते. रेडिओ केंद्रात दर आठवड्याला आम्हा काही श्रोत्यांना बोलावतात आणि चार-पाच मिनिटांचे छोटे कार्यक्रम ऐकवतात. तिथल्या बाई त्यांना 'तुकडे' म्हणतात. तुकडा कुणी केलाय ते सांगत नाहीत. ऐकताना जिथे मन उडेल तिथे हात वर करायचा आणि नंतर का उडालं ते सांगायचं. बस्स! दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेणं ही माझी नोकरी, घरी गेलं की दादाचं आणि वहिनीचं ऐकायचं. माझं मत विचारणारी अख्ख्या जगात ती एकच खोली. तिथल्या खुर्चीवर माझा फार जीव.

"हॅलो? आहात ना?"

"आहे. तुम्ही... काल त्या जुन्या पुलाबद्दल बोलत होतात का?"

पलीकडून हळूच, "तो तुकडा अजून लागलाच नाहीये कुठे. फक्त श्रोत्यांच्या बैठकीत... अरे देवा! तुम्ही त्यांच्यातल्या?"

"हात वर करणाऱ्यांतली." खोटं बोलणं मला कधी जमलंच नाही.

"कुठे केलात हात वर?"

"धुकं आलं तिथे."

"धुकं तर दुसऱ्याच वाक्यात आहे!"

"हो ना."

तो हसला. चांगला खळखळून हसला. मी तक्रार नोंदवून घेतली, माणूस पाठवते म्हटलं आणि फोन ठेवला. पण ते हसू दिवसभर उगीचच कानात रेंगाळत राहिलं.

तीन दिवसांनी पुन्हा तोच आवाज. "पाणी चढलं. आता दुसरी तक्रार. माझ्याविरुद्धच आहे, तेव्हा मला पूर्ण ऐकायला मिळायला हवी. समोरासमोर."

"फोन कामासाठी असतो हो."

"म्हणून तर म्हणतोय... चहा?"

ऑफिससमोरच्या टपरीवजा हॉटेलात तो माझ्याआधीच येऊन बसला होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या चष्म्यावर थेंब होते. ते पुसायचं सोडून तो माझ्याकडे बघत होता. उंच, किडकिडीत, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. मी ते बघितलं हे त्याने बघितलं, आणि दोघंही घाईघाईने मेनूकार्डात शिरलो.

"बोला," तो म्हणाला. "घाव सोसायची तयारी आहे."

"तुमचं सगळं छानच होतं. पूल, धुकं, नदी. पण तुम्ही बोलत कुणाशी होतात?"

"श्रोत्यांशी. सगळ्यांशी."

"मला दिवसभर शेकड्याने फोन येतात. त्यातला एकही माणूस 'सगळ्यांशी' बोलत नाही. माझ्याशी बोलतो, भांडतो, कधी कधी रडतोसुद्धा. म्हणून मी ऐकते. तुम्ही भाषण केलंत."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, आता उठून जाईल. माझी जीभ अशीच आहे, वहिनी म्हणते हिच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली मीच ठेवते. पण तो कपाचा कान फिरवत बसला. मग म्हणाला, "पाणी आल्यावर लोक फोन करतात का तुम्हाला?"

"छे! पाणी आलं म्हणून कुणी फोन करतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "तक्रार नाही. पाणी आलं. एवढंच सांगायचं होतं."

आणि ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय गं, एवढी का हसतेस?" आता काय सांगणार!

मग चहा होतच राहिले. कधी तो मला बाजारात टिपून आणलेले सुतारकामाचे आवाज ऐकवायचा, कधी मी त्याला दिवसातली सगळ्यात वेडी तक्रार. तो बोलायला लागला की मी बाहेरची वाहतूक विसरायचे. वहिनीला एव्हाना वास लागला होताच. "त्याच्या घरी पाणी येतंय ना नीट? मग तू रोज कसली चौकशी करतेस?" मी उशी फेकून मारली.

एका संध्याकाळी त्याने चहाला हातही लावला नाही. "उद्याच्या बैठकीत माझा तुकडा आहे," शेवटी म्हणाला.

मी कप खाली ठेवला. बैठकीचा नियमच तसा होता. तुकडा करणारा ओळखीचा, साधा तोंडओळखीचा असला तर चालतं. पण जवळचा असेल, तर तिथल्या तिथे सांगायचं आणि बाहेर पडायचं. खुर्ची गेली ती गेलीच.

"तुमचा त्या खुर्चीवर किती जीव आहे, माहीत आहे मला," तो म्हणाला. "तुम्ही काही सांगू नका. सांगण्यासारखं आहे तरी काय? चहाच तर पितो आपण."

हे त्याने माझ्यासाठीच म्हटलं होतं, कळत होतं मला. तरी लागलं. खूप लागलं. "हो," मी म्हटलं, "चहाच तर पितो." आणि छत्री उघडून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत जाऊन बसले. बाईंनी आधी दोन तुकडे लावले. त्यात काय होतं, विचारू नका. मग तिसरा.

"आमची आई फोनवर 'ठेवते हं' म्हणते," त्याचा आवाज आला, "आणि ठेवत नाही."

ना धुकं, ना नदी. त्याची आई 'ठेवते' म्हणते आणि मग शेजारणीचं दुखणं सांगते, 'ठेवते' म्हणते आणि जेवलास का विचारते. सगळे हसले. तो कुणातरी एकाच माणसाला सांगत होता, अगदी टेबलापलीकडून सांगावं तसं. ते माणूस कोण, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आता गप्प बसले असते तर खुर्ची राहिली असती. पण मग माझ्या तोंडून निघणारं प्रत्येक मत खोटं झालं असतं, आणि ते चहाचं वाक्य खरं!

मी हात वर केला.

बाईंनी तुकडा थांबवला. "अरेच्चा! तुमचं मन उडालं? इथे?"

"नाही हो. मला बाहेर जावं लागेल. तुकडा करणारा... जवळचा आहे."

"नात्यातला?"

"अजून नाही," मी म्हटलं आणि कानशिलं तापली. खोलीत कुणीतरी खोकलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं, हसू दाबलं आणि दार उघडून धरलं.

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा होता. मला बघून त्याचा चेहराच उतरला. "मध्येच उठलात? इतका वाईट झालाय?"

"उठावं लागलं. आतून तुझा आवाज येत होता."

तो बघतच राहिला. 'तुझा' कधी म्हटलं मी? माझं मलाच कळलं नव्हतं.

"म्हणजे... सांगितलंस तू आत?"

"सांगितलं."

"आणि खुर्ची?"

"गेली." डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. "आता माझं मत कुणी विचारणार नाही."

"मी विचारेन," तो घाईने म्हणाला. "रोज विचारेन. जन्मभर... म्हणजे, तुझी हरकत नसेल तर."

माझी हरकत नव्हती. मी मान डोलावली.

"पुढचं सांग ना," मग मी म्हटलं. "आई 'जेवलास का' विचारते, तिथपर्यंतच ऐकलंय मी."

"लांबण आहे खूप."

"असू दे."

जिन्याच्या पायरीवर आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्याने सांगायला सुरुवात केली आणि मी माझे दोन्ही हात त्याच्या हातात देऊन टाकले.