कुलपातली पूजा

कर्णिकांच्या दारावर पाटी होती : 'सौ. सुनीता कर्णिक. खासगी चौकशी. विवाहविषयक व इतर.'

'इतर' हा शब्द तिच्या नवऱ्याच्या, कमलाकरच्या हट्टापायी रंगवला होता. पण मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं ठरून मोडलंय का, यापलीकडे पनवेलकरांना काही विचारायचं नसे. सुनीता त्यावरून त्याला चिडवायची. "अहो, तुमचं 'इतर' काही यायला तयार नाही."

चौऱ्याण्णव सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आलं. कमलाकर रसायनीच्या कारखान्यातून सुट्टी घेऊन घरीच होता. सुनीता केसांना लावायचे आकडे शोधत होती. हे आकडे ती घरभर विसरायची आणि कमलाकर ते घरभर वेचायचा. एवढ्यात दारात अविनाश भागवत उभा राहिला. पनवेलच्या जुन्या तांदळाच्या गोदामात एका संस्थेने संगणकाचा मोफत वर्ग काढला होता, तिथला हा शिक्षक. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"वहिनी, आमच्या फ्लॉप्या गेल्या."

"चोरीला?"

"जागेवरच आहेत. पण कोऱ्या झाल्यात. उद्या कळंबोलीचे महादेवशेठ येणार आहेत काम बघायला."

वर्गाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांतली मुलं तिथं शिकत. मुंबईतल्या दंगलीनंतर घरदार सोडून इकडे आलेल्यांची मुलंही शिकत. महादेवशेठचा लोखंडाचा मोठा व्यापार. गोदामात कोणता माल आला, कोणता गेला, हे सांगणारा प्रोग्रॅम मुलांनी त्यांच्यासाठी बनवला होता. पसंत पडला तर चांगलं काम करणाऱ्यांना नोकरी द्यायची, असं ठरलं होतं.

"दुसरी प्रत असेल ना?" सुनीताने विचारलं.

"होती. त्याच पेटीत. तीही गेली." अविनाशने मान खाली घातली. "आणि नाव आलंय ताहिराचं. ताहिरा मुकादम. प्रोग्रॅम बहुतेक तिनेच लिहिलाय. काल संध्याकाळी मुलांनी घरी जाऊन तिला नाही नाही ते ऐकवलं. आज ती आलीच नाही. संस्थेचे लोक म्हणतात, तिचं नाव काढून टाका, म्हणजे विषय संपला."

सुनीताला मिळाला तो आकडा तिने केसांत खोचला. "चला. अहो, तुमचं 'इतर' आलं. चपला घाला."

*

वर्गात गोदामाचा जुना वास अजून होता. त्यात उदबत्तीचा मिसळलेला. भिंतीपाशी चार संगणक, अंगावर प्लॅस्टिकच्या टोप्या. फळ्यावर अविनाशच्या अक्षरात लिहिलं होतं : फ्लॉपी वाकवू नये. ओली करू नये. लोहचुंबकाजवळ नेऊ नये.

"खंडेनवमीला काय काय झालं, सगळं सांगा," सुनीता म्हणाली.

"सकाळी काम तपासलं. दोन्ही फ्लॉप्या नीट चालत होत्या. मग पूजा. मीच मुलांना म्हणालो होतो, घरातलं एकेक हत्यार आणा, संगणकाबरोबर त्यांचीही पूजा करू. कोणी कोयता आणला, कोणी जाळं विणायची सुई. ताहिराने वडिलांची कापड कापायची कात्री आणली. विश्वजीतने स्पीकर आणला. टेबलावर लाल कापड घातलं. फ्लॉप्यांची पेटी मधोमध ठेवली, कारण आमचं हत्यार तेच."

"संगणकाला हळदकुंकू?"

"छे! तिथं फक्त फूल. आणि पेटी बंद होती."

"नंतर?"

"पूजा हलवायची नाही म्हणून कुलूप लावलं. दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा करायला उघडलं. फ्लॉपी लावून बघितली, तर मशीन म्हणतं, वाचता येत नाही."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक झाडलोट करणाऱ्या भीमाबाईंकडे."

सुनीताने पेटी उघडली. प्लॅस्टिकची, चपटी, पुस्तकाएवढी. आत काळ्या चौकोनी फ्लॉप्या एकावर एक आडव्या रचलेल्या.

"यातल्या सगळ्याच गेल्या?"

"वरच्या सगळ्या. अगदी तळाची, टायपिंगच्या सरावाची, ती मात्र अजून थोडीफार वाचते. कपाटात दुसऱ्या आहेत, त्या ठणठणीत."

"म्हणजे बिचारीचा जीव थोडक्यात वाचला," कमलाकर म्हणाला.

सुनीताने त्याच्याकडे पाहिलं. "अहो, आज सकाळपासून तुम्ही बोललात त्यातलं हे सगळ्यात कामाचं."

कमलाकरला आपण काय बोललो ते कळलं नाही. पण बरं वाटलं.

*

भीमाबाई झाडूवर दोन्ही हात ठेवून बोलल्या. "मी नाय उघडलं बाई. किल्ली कनवटीला व्हती. टेबलापुढं मीच रांगोळी घातलेली. दसऱ्याला आलू तवा ठिपका नव्हता हलला. हार पन तसाच."

"हार तुम्हीच ओवले?"

"हितंच बसून. टेबलावरच्या मधल्या ढिगातली फुलं घेऊन." त्यांचा आवाज चढला. "आनि माजी सुई गेली! हार ओवायची. फुलांत खोवून ठेवली व्हती. पोरं अनवानी फिरतात, कुनाच्या पायात गेली तर? सगळा वर्ग झाडला. निर्माल्य चाचपून चाचपून टाकलं. नाय ती नाय."

कमलाकरने घाईघाईने पाय वर घेतले. सुनीता हसली नाही.

मग विश्वजीत म्हात्रे आला. करंजाड्याचा, अंगाने थोराड, रागीट डोळ्यांचा. आल्या आल्या म्हणाला, "मी तिच्या घरी जाऊन बोललू, खरं हाय. माफी नाय मागनार."

"कोणी मागायला सांगितली? तिने का केलं असं तुला वाटतं ते सांग."

"शेठसमोर कोन बसनार, यावरून आमची भांडनं झाली. सर म्हनले, ताहिरा बसंल. मंग मी म्हनलू, तिला एकटीलाच नोकरी भेटंल, आमी काय करायचं? ती म्हनली, मग तूच कर. दुसऱ्या दिवशी फ्लॉप्या खलास!" त्याने फळ्याकडे बोट केलं. "आनि तिच्या बापाकडं चुंबक हाय. टाचन्या गोला करायचा. मी डोल्यांनी बघितलाय."

"तुझ्या वडिलांचं हत्यार स्पीकर?"

विश्वजीतचा आवाज खाली आला. "आमची भातशेती व्हती. गेली शहरात. आलेल्या पैशांत बाबांनी लगनात वाजवायचा सेट घेतला. तो पन मोडीत गेला. येक स्पीकर र्‍हायलाय, खोक्यातून काढलेला. माजे बाबा तो पुसून ठेवतात रोज. मी म्हनलू, ह्याची पन पूजा व्हऊ दे. सगल्यांच्या वर ठेवला मी तो."

"छान केलंस. घरी असेल ना? जरा घेऊन ये."

तो गेल्यावर कमलाकर तिच्या कानाशी लागला. "मला विचारशील तर अविनाश. त्याला वाशीला नोकरीचं बोलावणं आलंय, पोस्टमन सांगत होता. वर्ग बंद पडला की हा मोकळा. किल्लीही त्याच्याकडेच."

"आणि रांगोळी?"

"उडी मारली असेल."

"त्या देहाने?"

कमलाकरने अविनाशच्या पोटाकडे पाहिलं आणि विषय सोडला.

*

मुकादमांचं दुकान म्हणजे एका जिन्याखाली शिवणयंत्राएवढी जागा. दिवाळीचे कपडे छतापर्यंत लटकलेले. ताहिराचे वडील मान वर न करता शिवत होते. मशीनच्या कडेला दोऱ्याला बांधलेला छोटासा चुंबक होता, टाचण्यांनी काळा झालेला.

"हा दसऱ्याला कुठं होता, चाचा?"

"इथंच. दोन दिवस मशीन थांबलंच नाही, बहेनजी. कैची पोरीने नेली, तर शेजाऱ्याची मागून आणली. हाही दिला असता तर मी टाचण्या दातांनी उचलल्या असत्या?"

ताहिरा आतल्या पडद्यामागून बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता.

"काकू, पेटी मीच भरली. मीच बंद केली. यापुढे मला काही सांगता येत नाही. त्यांना जे समजायचं ते समजू दे."

"वर्गात येणार नाहीस?"

"मुंबई सोडताना आमच्यावर कोणी आळ घेतला नव्हता. नुसतं म्हणाले, जा. इथं मी म्हटलं, चला, आता जायचं नाही कुठं. आणि इथं चोर ठरले." ती थांबली. "अब्बा म्हणतात, बस झालं, काज-बटण कर."

"पेटीत तुझं स्वतःचं काही होतं?"

"माझी सरावाची फ्लॉपी. वर्षभराची."

"ती गेली?"

"तीही गेली. वरूनच दुसरी होती."

सुनीताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तासाभराने ये. एकदाच. नंतर हवं तर काज-बटण कर."

*

दुपारी सगळे वर्गात जमले. विश्वजीतने स्पीकर आणला होता, पूजेनंतर कापडात गुंडाळला होता तसाच. ताहिरा दाराशीच उभी राहिली. तिला बसायला कोणी सांगितलं नाही. मग भीमाबाईंनी खुर्ची ओढून दिली.

"फार वेळ घेत नाही," सुनीता म्हणाली. "खोलीला कुलूप होतं. रांगोळी मोडली नाही, हार हलला नाही. म्हणजे पूजा झाल्यावर आत कोणी आलं नाही. सकाळी फ्लॉप्या चांगल्या होत्या. मग जे काही बिघडलं ते कुलपाच्या आत, आपोआप. बरोबर?"



"वरच्या फ्लॉप्या पार गेल्या. तळाची थोडी वाचली. म्हणजे जे आलं ते वरून आलं आणि खाली जाता जाता त्याचा जोर कमी झाला. ताहिराला खोडी काढायची असती तर तिने नेमकी प्रोग्रॅमची फ्लॉपी खराब केली असती. स्वतःची वर्षभराची मेहनत कशाला पुसली असती?"

"पन चुंबक तिच्याच घरी हाय," विश्वजीत म्हणाला.

"आहे. आणि तो दोन दिवस टाचण्या उचलत होता. चुंबकच हवा, यात तुझं बरोबर आहे. फक्त तो कोणता, तेवढं चुकलं. भीमाबाई, मधला फुलांचा ढीग कशात होता?"

"त्या गोल वाटीत. परडीच ती."

"विश्वजीत, पेटीवर तू काय ठेवलंस?"

विश्वजीतने हातातल्या कापडाकडे पाहिलं.

"सोड ते."

कापड सुटलं. काळ्या कागदाचा खोलगट स्पीकर. सुनीताने तो हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. "हा असा, तोंड वर करून, पेटीवर ठेवला. वाटीसारखा दिसला म्हणून त्यात फुलं भरली. फुलांखाली स्पीकर कोणाला दिसला नाही, आणि स्पीकरच्या खाली हे कोणी बघितलंच नाही."

तिने तो उलटा केला. मागे जाडजूड गोल चकती होती, बशीएवढी. स्पीकर उपडा होताच झेंडूची एक सुकलेली पाकळी गळून पडली. सुनीताने तो चांगला हलवला. दुसरं काहीच पडलं नाही.

"भीमाबाई, वाटीच्या तळाशी बोट घाला. जपून."

भीमाबाईंनी वाकून आत हात घातला आणि दचकून मागे घेतला. मग दोन बोटांनी ओढून त्यांनी हार ओवायची सुई काढली. सुटताना तिने चुंबकाकडे परत झेप घेतली.

"आवो बया! ही हितं चिकटून बसलीया!"

"बिनचुंबकाचा स्पीकर वाजत नाही," सुनीता म्हणाली. "सरांनी फळ्यावर लिहिलंय खरं. पण चुंबक म्हटला की आपल्याला शाळेतला घोड्याच्या नालासारखा आठवतो. पूजेतल्या फुलांखाली तो असेल असं कोणाच्या मनात येणार? तो तिथं दसऱ्यापर्यंत बसून होता. कोणी वाईट केलं नाही. एका मुलाला आपल्या बाबांचं हत्यार सगळ्यांच्या वर ठेवावंसं वाटलं. बस."

विश्वजीत भिंतीला टेकला. त्याचा चेहरा असा झाला होता की कमलाकरला दुसरीकडे बघावं लागलं.

"मीच घालवलं सगलं," तो म्हणाला. "आनि तुज्या दारात जाऊन तुला..."

 ताहिराने एका संगणकाची टोपी काढून बाजूला ठेवली.

"मला दिलेल्या शिव्या नंतर मोजून परत घे. प्रोग्रॅम मला बराचसा पाठ आहे. मालाची नावं, वजनं तू सांग. लोखंडातलं मला कळत नाही."

"आता? उद्यापर्यंत?"

"मग काय पुढच्या दसऱ्याला?"

अविनाश चटकन उठला. "कपाटातली नवी फ्लॉपी काढा. आणि तो स्पीकर आधी बाहेर न्या, बाबांनो!"

*

दुसऱ्या दिवशी महादेवशेठ आले तेव्हा प्रोग्रॅम सगळा झाला नव्हता. उरलेला भाग मुलांनी त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिला. ताहिरा टाइप करत होती, विश्वजीत सळया आणि पत्रे पुकारत होता. दोघं मधेच भांडलेही. शेठ म्हणाले, "मला तयार काम बघायचं होतं. हे बघितलं ते जास्त बरं." दोघांना त्यांनी दिवाळीनंतर यायला सांगितलं. अविनाश वाशीला गेला, पण पुढच्या वर्षी. तोपर्यंत त्याने आपल्या जागी शिकवायला ताहिराला तयार केलं होतं.

विश्वजीतच्या वडिलांनी स्पीकर फोडून त्यातली चकती सुनीताला पाठवून दिली. "बाईंनी ठेवावी," एवढाच निरोप. तिने ती स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला लावली. "अहो, आता माझे आकडे शोधत हिंडू नका. घरात आले की इथं चिकटवीन."

त्यानंतर पाटीवरच्या 'इतर'ला बरीच कामं आली.

पुढे बऱ्याच वर्षांनी सुनीता गेली, तेव्हा कमलाकरने पाटी काढून माळ्यावर ठेवली. तिच्या साड्या बहिणींना दिल्या. ताहिरा मुंबईहून भेटायला आली. ती आता तिथं एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. चहाचे कप ठेवताना तिने कपाटाचं दार पाहिलं. चकती अजून तशीच होती. तिच्यावर दोन आकडे आडवेतिडवे चिकटलेले होते.

"काका, हे..."

"असू दे," कमलाकर म्हणाला. "तिथं असले की सापडतात."