चित्रातल्या बाईचा गाल

सकाळी दालन उघडलं तेव्हा चित्रातल्या बाईचा डावा गाल जमिनीवर पडला होता. दोन शतकं लाकडी फळीला चिकटून राहिलेला रंग पापुद्र्यांनी सुटला होता.

संचालकांनी दुपारपर्यंत गुन्हेगार ठरवूनही टाकला. चौकशीला आलेल्या विमा कंपनीच्या बाईंनी फक्त मान डोलवावी, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. प्रदर्शनात रोज संध्याकाळी चित्रांसमोर व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीचा गज चित्राला लागला, असं त्यांचं म्हणणं. साक्षीदार दारावरचा पहारेकरी, म्हणजे तिचा सख्खा काका. गज फार जवळ गेला होता, असं त्याने मान खाली घालून सांगितलं. लागताना मात्र पाहिला नव्हता.

मुलगी कोपऱ्यात बसली होती. हा ठपका बसला तर यापुढे कुठलंही सभागृह तिला दारात उभं करणार नव्हतं.

हवा कोरडी ठेवणारं यंत्र घुमत होतं. बाईंना आवाज चढवूनच बोलावं लागलं.

"काल वादन कसं झालं?"

"वादन कसलं," संचालक म्हणाले. "निम्मा वेळ खुंट्याच पिळत होती. खच्चून गर्दी, लोक माहितीपत्रकांनी वारा घेतायत. तरी ध्वनिमुद्रण झकास उतरलंय. मीच केलं."

त्यांनी ते कौतुकाने ऐकवलं. व्हायोलिन, कुणाचा तरी खोकला, खुर्चीची कुरकुर. सगळं स्वच्छ.

"रोज एवढ्या खुंट्या पिळतेस?" बाईंनी मुलीला विचारलं.

"नाही हो. सुरुवातीला एकदाच. काल तारा सुरात राहीचनात."

"यंत्राच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"फक्त माझ्याकडे," संचालक अभिमानाने म्हणाले. अभिमान जरा घाईचा झाला.

"मग यंत्र तुम्हीच बंद केलंत. ध्वनिमुद्रणात खोकला आहे, कुरकुर आहे, ही घरघर तेवढी नाही. ती तुम्हाला नको होती. गर्दीच्या श्वासांनी हवा दमट झाली. लोकांना घाम फुटला, तारा उतरल्या, फळी फुगली. वादन संपल्यावर यंत्र पुन्हा चालू केलंत, फळी आकसली आणि रंग सुटला. गजाने ओरखडा पडतो. असे पापुद्रे निघत नाहीत."

संचालकांनी खिशातली किल्ली चाचपली. मग, कलेसाठीच केलं, असं काहीसं पुटपुटले. चित्रही कलेतच मोडतं, हे बाईंनी अहवालासाठी राखून ठेवलं.

काकाने व्हायोलिनची पेटी उचलली. "चल पोरी, घरी सोडतो."

मुलीने पेटी त्याच्या हातातून काढून घेतली.

"काका, गजाचं संचालकांनी तुम्हाला विचारलं होतं, की तुम्ही आपणहून सांगितलंत?"

यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं काकाने दाखवलं.