कातरवेळेची काच

झाडाच्या मुळाशी पितळी चुन्याची डबी. झाकण उघडं.

भर दुपारी एका काचेतून पलीकडच्या कड्यावरच्या वानराच्या भुवया मोजता येतात.

"दिवा मोठा करा हो कोणी. माझे डोळे गेले की काय?"

कुरवंड्याच्या रानात दावणीला बांधलेली शेळी ओरडायची थांबते.

वडगावच्या कचेरीच्या पायरीवर एक म्हातारी बसते. शिपायाने उठवलं की उठते. शिपाई वळला की पुन्हा बसते.

डोक्यावरचं ऊन

म्हातारीचं नाव झुंबरबाई. पायरीवर तिसऱ्यांदा उठवल्यावर ती चालत तळेगावला आली, गोपाळकृष्ण परचुऱ्यांच्या ओसरीवर. परचुरे आधी फोटोग्राफर होते. आता लोकांच्या भानगडींचा छडा लावत. शेजारी त्यांचे स्नेही माधवराव, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, केळं सोलत होते.

"भाऊ, माज्या गेणूला फाशी द्येत्याल," झुंबरबाई म्हणाली. "त्येला सोडवा."

"कोणाला मारलं म्हणतात?"

"लोनावळ्याच्या दाजीसायेब मोघ्यांस्नी. बिबट्या लागला व्हता गावाला. सायेब झाडावर मचान बांधून बसायचं, गेणू त्यांच्यासंगं. तितंच सायेब पडलं. त्यांच्याच रायफलीची गोळी. फौजदार म्हनतो, गेणूनंच घातली."

"कशासाठी?"

"म्हनतो, सायबानं शिवी दिली आसंल." तिने पदराने तोंड पुसलं. "शिवीपायी मानूस मारायचा म्हनला तर गेणूच्या बापाला मी कवाच मारला आसता."

माधवरावांना हसू फुटलं. झुंबरबाई हसली नाही. माधवरावांनी केळं खाली ठेवलं.

कोठडीतला उजेड

परचुरे आणि माधवराव वडगावच्या कोठडीत गेले तेव्हा गेणू भिंतीला टेकून बसला होता. डोक्याला तांबडं मुंडासं.

"सायेब म्हनलं, शेळी वरडत न्हाई, जा, बघून ये. मी वड्यापत्तूर गेलतो. तंवर बार झाला. म्या म्हनलं, बिबट्या पडला. पळत आलो तर सायेब झाडाखाली. रायफल बाजूला."

"साहेब मचाणावर होते ना? झाडाखाली कसे?"

"म्या गेलो तवा वरच व्हतं."

"आणि फौजदारांचा साक्षीदार, तो दुर्बिणी विकणारा?"

"खर्डीकर? त्यो पल्याडच्या खडकावर. सायबांनीच त्येला आणल्यालं. बार झाल्यावर लय येळानं वरडत आला."

"रायफलीच्या माशीला चुना लागला होता म्हणे." नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो बारीक दाणा असतो, त्याला माशी म्हणतात.

"माज्या ठासणीच्या बंदुकीला लावतो की मी. आंदारात माशी दिसत न्हाई, म्हून चुन्याचा ठिपका. आमच्यात समदीच लावत्यात." त्याने कपाळ चोळलं. "डबी झाडाखालीच राह्यली व्हती. पर सायबाच्या रायफलीला म्या बोट लावलं न्हाई, भाऊ. आईची आन."

बाहेर येताना माधवराव पुटपुटले, "चुना त्याचा, डबी त्याची. अवघड आहे हो, गोपाळराव."

मोघ्यांचा दिवाणखाना

इंदिराबाई मोघे पांढऱ्या लुगड्यात ताठ बसल्या होत्या.

"मला शिकार कधीच आवडली नाही. पण बिबळ्याने कुरवंड्यातली एक मुलगी नेली, मग मी विरोध सोडला. बिबळ्या यायचा तो दिवस मावळल्यावरच. म्हणून ह्यांना कातरवेळी दिसेल अशी दुर्बीण हवी होती. खर्डीकरांनी दोन आणल्या. एक धाकटी, चौपट दाखवणारी. एक थोरली, आठपट. जर्मन म्हणून सांगितली. तिची पुढची काच वाटीएवढी."

"निवड कशी करणार होते?"

"इथेच, व्हरांड्यात. दुपारी. दोन्हींतून लख्ख दिसायचं, थोरलीतून जास्तच. हे म्हणाले, संध्याकाळी बघू. तर खर्डीकर म्हणाले, दव पडतं, काचेला बुरशी धरते. शेवटी ह्यांनी न ऐकता थोरली रायफलीवर चढवली आणि रानात गेले. तो आदला दिवस."

"आणि परत आले ते?"

इंदिराबाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "आले ते गप्प. दिवा मोठा करायला लावला. पुस्तक जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं. म्हणाले, इंदिरा, मी म्हातारा झालो. काही दिसलंच नाही."

"दुसऱ्या दिवशी?"

"धाकटी चढवली. जाताना खर्डीकरांना म्हणाले, थोरली घेऊन तुम्हीही चला, तिथेच बोलू. खर्डीकर येत नव्हते. ह्यांनी जवळजवळ ओढूनच नेलं."

"खर्डीकरांची गिऱ्हाइकं मोठी असतील."

"दोन संस्थानिकांनी थोरलीच घेतली, असं रोज जेवताना ऐकवायचे."

कलती उन्हं

खर्डीकर बाजारातल्या लॉजमध्ये उतरला होता. भांग नीट, कोट इस्त्रीचा.

"मी तर त्या गेणूला फाशीपर्यंत पोचवणार," तो म्हणाला. "असा दिलदार माणूस गेला! खडकावरून मी थोरल्या दुर्बिणीतून पाहत होतो. स्पष्ट दिसलं. तांबडं मुंडासं, हातात रायफल. बार केला आणि पळाला."

"अंधार पडला होता ना?"

"त्याकरताच तर ती दुर्बीण, साहेब. घुबडाचे डोळे! मोठी काच, मोठा उजेड."

"बरोबर आहे," माधवराव मान हलवून म्हणाले. "घराची खिडकी मोठी तर उजेड जास्त."

"अगदी! आणि ही रानटी माणसं चुन्याने नेम धरतात. आदल्या दिवशीच तो सांगत होता, मला हसू आवरेना." खर्डीकर हे सांगतानाही हसला. "हवी का तुम्हाला एखादी?"

"बघू," परचुरे म्हणाले. "संध्याकाळी."

पोलीस चौकीत फौजदारांनी कंटाळत सगळा मुद्देमाल टेबलावर मांडला. धाकटी दुर्बीण अजून रायफलीवरच होती. परचुऱ्यांनी ती माधवरावांच्या डोळ्याला लावली.

"माशी दिसते?"

"कुठली माशी? मला रस्त्यापलीकडची चिंच दिसते आहे. आणि चिंचेखाली लघवीला बसलेला तुमचा हवालदार."

फौजदार बाहेर धावले. तेवढ्यात परचुऱ्यांनी धाकटी सोडवली आणि हात लांब करून उजेडाकडे धरली. डोळ्याकडच्या काचेत प्रकाशाचा गोल ठिपका उभा राहिला, वाटाण्याएवढा. मग साक्षीसाठी खर्डीकरकडून घेतलेली थोरली तशीच धरली. ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा.

"असं कसं?" माधवराव म्हणाले. "हिची काच तर वाटीएवढी."

परचुऱ्यांनी थोरली टेबलावर ठेवली. फौजदार हाश्शहुश्श करत परतले, तेव्हा परचुरे म्हणाले, "उद्या सूर्य मावळताना सगळ्यांना त्या खडकावर आणा. दुर्बिणी दोन्ही. तुमचे दोन शिपाई समोर झाडाखाली उभे करा. एकाच्या डोक्याला तांबडं, एकाच्या डोक्याला पांढरं बांधा. कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे, ते मलाही सांगू नका."

तिन्हीसांज

खडक अजून गरम होता. समोरच्या उतारावरचं झाड आधी हिरवं, मग राखी, मग नुसतं झाड झालं. इंदिराबाई शालीत गुरफटून उभ्या होत्या.

परचुऱ्यांनी घोंगडीवर दोन्ही दुर्बिणी शेजारी ठेवल्या.

"खर्डीकर, वेळ तीच आहे. बसायची जागा तीच. झाडाखाली दोन माणसं आहेत. तांबड्या मुंडाशाचा कोणत्या बाजूला, एवढंच सांगा. गेणूचा जीव त्यावर आहे."

खर्डीकर वाकला. क्षणभरात दुर्बीण उचलून डोळ्याला लावली. "डावीकडे."

"बरोबर," फौजदार म्हणाले. "बघा, दिसलं की नाही ह्यांना?"

"दिसलं. पण त्यांच्या हातात काय आहे, फौजदारसाहेब?"

फौजदारांनी वाकून पाहिलं. खर्डीकरने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता. त्यात धाकटी दुर्बीण होती.

"त्या संध्याकाळी धाकटी रायफलीवर होती," परचुरे म्हणाले. "तुमच्याजवळ थोरली होती. घुबडाचे डोळे. मग आज ती का नाही उचललीत?"

"सहज... जवळ होती..."

"थोरली तुमच्या हाताशी ठेवली होती. तिच्यावरून हात नेऊन तुम्ही धाकटी घेतलीत. फौजदारसाहेब, थोरलीतून बघा."

फौजदारांनी डोळा लावला. बराच वेळ दुर्बीण फिरवली. "काळं. सगळं काळं. झाड कुठे आहे तेच कळत नाही."

"गोपाळराव, पण मोठी खिडकी..." माधवराव म्हणाले.

"खिडकी मोठी, पण आत भिंत घातली असेल तर?" परचुऱ्यांनी थोरलीच्या तोंडाची कडी फिरवून काढली. मोठ्या काचेमागे काळ्या पत्र्याचं कडं बसवलं होतं. मधलं भोक जेमतेम रुपयाएवढं. "आतली भिंगं साधी आहेत. उजेड त्यांच्या कडांवरून आला की चित्र फाटतं. म्हणून कडेचा उजेड अडवला. दुपारी कळत नाही. उन्हात डोळ्याची बाहुली मोहरीएवढी असते, ज्वारीएवढा उजेड तिला भरपूर होतो. अंधारात बाहुली वाटाण्याएवढी होते. तेव्हा ही काच उपाशी ठेवते. ज्या वेळेसाठी ही दुर्बीण विकायची, त्या वेळेला खर्डीकर ती कधीच दाखवत नव्हते. दवाचं कारण सांगत."

"म्हणजे ह्यांचे डोळे..." इंदिराबाई म्हणाल्या.

"उत्तम होते, बाईसाहेब. दुसऱ्या संध्याकाळी धाकटीतून पाहिलं तेव्हा दाजीसाहेबांना ते समजलं. गेणूला ओढ्याकडे पाठवलं. गिऱ्हाइकाने विक्रेत्याला सुनावायचं ते गावच्या माणसासमोर सुनावू नये, एवढी त्यांची रीत. मग ते मचाणावरून उतरले, रायफल खोडाला टेकवली, खर्डीकरांना हाक मारली. संस्थानिकांना कळवतो म्हणाले असतील. त्यानंतर ह्यांना गिऱ्हाईक नव्हतं. कदाचित तुरुंग होता."

"हा सगळा तर्क आहे," खर्डीकर म्हणाला. आवाज कोरडा होता.

"तर्कच आहे. आता चुना. दुर्बीण चढवलेल्या रायफलीतून बघताना माशी दिसतच नाही. मास्तरांना दिसली नाही. ज्याने दुर्बिणीतून नेम धरला त्याला चुन्याचा उपयोग शून्य. तो ठिपका नेमासाठी नव्हता. तो फौजदारांसाठी होता. गेणूची सवय आदल्या दिवशी कोणी ऐकली? ऐकून कोण हसलं? रानात त्या वेळी गेणू सोडून दुसरं कोण होतं? आणि जे मुंडासं या काचेतून दिसूच शकत नाही, ते पाहिलं म्हणून शपथेवर कोणी सांगितलं?"

फौजदारांनी मान खाली घातली. "चुना बघितला, आणि मी पुढचं काही बघितलंच नाही."

"ते खर्डीकरांना ठाऊक होतं. शहरातला कोट आणि रानातला चुना, यांत पोलीस कशाकडे बोट दाखवतील ते."

खर्डीकर खडकावर बसला. कोटाला धूळ लागली. ती त्याने झटकली नाही.

"म्हणाले, दोन्ही राजेसाहेबांना उद्याच तार करतो," तो हळू म्हणाला. "मी पाया पडलो. म्हणाले, पाया पडू नका, मला काल रात्रभर वाटत होतं की मी आंधळा झालो. तेवढंच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर..."

इंदिराबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग वळून एकट्याच उतार उतरू लागल्या. माधवराव लगबगीने त्यांच्यामागे गेले, आणि अंधारात त्यांना हात कसा द्यावा ते न सुचून दोन पावलं मागेच चालत राहिले.

समोरच्या झाडाखाली दोघे शिपाई अजून उभे होते. त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

सकाळ

कचेरी उघडायच्या आधीच झुंबरबाई पायरीवर होती. त्या दिवशी शिपायाने तिला उठवलं नाही. दार उघडलं, गेणू बाहेर आला, उजेडात डोळे चोळत उभा राहिला. तिने त्याला जवळ घेतलं नाही. आधी त्याचं मुंडासं सोडलं, झटकलं, आणि पुन्हा नीट बांधलं.

"चल," ती म्हणाली. "म्हशी वरडत्यात."

गेणू वारला तो एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, कुरवंड्यात, स्वतःच्या घरी, जेवण झाल्यावर, झोपेत.