पिकअपच्या पाठीवरचा आकडा

१९८४ सालची दुपार. डोमा लाल गिटार काखेत मारून लाखनीच्या हमरस्त्यावरच्या सेवकरामच्या दुकानात शिरला. रेडिओ, भोंगे, ऑर्केस्ट्रावाल्यांची वाद्यं. दुरुस्तीत सेवकरामचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

"संध्याकाळी मंडईच्या जत्रेतल्या नाटकात वाजवाची आहे, भाऊ. वरठीले टेसनावर सस्तात भेटली, पन आवाज मरून राहिला."

सेवकरामने गिटारीची वायर दुकानातल्या कर्ण्याला जोडून बटण चालू केलं, मग तारा बाजूला सारून त्यांचा सूर पकडणारा चुंबकी पिकअप उपसला आणि पालथा केला. पाठीवर कंपनीचा ठसा होता: एन ६४. एन म्हणजे नेक, गिटारीच्या मानेजवळ बसणारा, चौसष्ट हे साल. हे त्याला तोंडपाठ होतं. पण त्याखाली सुईने कोरलेलं 'से ५२००' दिसलं आणि त्याने पिकअप उजेडाकडे धरला. पिकअपवर नवी तार गुंडाळली की वेढे मोजून असं कोरायची खोड त्याचीच. एवढे वेढे त्याने एकाच गिटारीला घातले होते, धाकट्या भावाच्या, खुशालच्या. तीन वर्षांपूर्वी ती घेऊन खुशाल घराबाहेर पडला, तो परतलाच नव्हता. नव्या लाल रंगाखाली गिटार ओळखू आली नव्हती.

खाली आणखी एक खूण होती. 'खु ९.' अक्षर खुशालचं.

"काय झालं?" म्हणत डोमाने सहज एक तार छेडली. पिकअप तारांपासून हातभर लांब पडला होता. तरी कर्ण्यातून सूर निघाला, आणि सुरामागून कोणीतरी श्वास घेतला. दमलेला, ओलसर. आकडा आता ८ होता.

"हात नोको लावू..."

"काहून?" डोमाने दुसरी तार छेडली. श्वास आधीपेक्षा क्षीण. ७.

"डोमा, माहा भाऊ आहे थ्यात... त्याचे श्वास सरून राहिले..."

"येडा झाला का?" डोमाने हसत सहाही तारांवरून अंगठा फिरवला. सहा श्वास, एकामागून एक. डोमाचं हसू मावळलं. गिटार तिथंच टाकून तो मागच्या पावली बाहेर पळाला.

खु १.

बटण बंद करावं, तर तो श्वासही तुटेल. सेवकरामने बटण तसंच चालू ठेवलं. त्याने कर्ण्याला कान लावला. "खुशाल... कुठं आहेस रे?"

डबा घेऊन आलेली त्याची आई, चंद्रभागाबाई, केव्हा आत आली त्याला कळलंच नाही.

"माह्या खुशालची..." नाव ऐकून ती पुटपुटली, आणि लेकराच्या गालावरून फिरवावं तसं तिने तारेवरून बोट फिरवलं.

कर्ण्यातून शेवटचा श्वास सुटला आणि विझला. मागे आईला धाप लागली.

सेवकरामने पिकअप उचलला. 'खु'चा मागमूस नव्हता. त्या जागी, त्याच अक्षरात, कोरलेलं होतं: चं ९.